माणसं मोजताना दिवसही मोजूया

(युवक-युवतींच्या अभ्यासवर्गातील भाषणाचे शब्दांकन)



मित्र-मैत्रिणींनो, जून 2024 मध्ये लोकसभेचा निकाल लागला त्या रात्री माझ्या फोनवर एकच आकडा फिरत होता. चोवीस. मध्यरात्रीपर्यंत तीन ग्रुपवर तोच निरोप आला. नव्या लोकसभेत मुस्लिम खासदार चोवीस. सोबत रडका चेहरा, आणि खाली कोणीतरी लिहिलेलं, "अब क्या फायदा?"

तो आकडा खरा आहे आणि त्याचं दुःखही खरं आहे. मला ते झाकायचं नाही. 543 जणांच्या सभागृहात चोवीस म्हणजे साडेचार टक्क्यांच्या आत. 2011 च्या जनगणनेत आपण 14.2 टक्के. 1980 च्या लोकसभेत हाच आकडा 49 होता. आजवरचा सर्वांत मोठा. पोटनिवडणुका धरल्या-सोडल्या की मोजणाऱ्यागणिक एखाद-दुसरा इकडे-तिकडे होतो, पण दिशा सगळ्यांना दिसते. महाराष्ट्राचं तर बोटांवर मोजता येतं. 2004 मध्ये कुलाब्यातून बॅरिस्टर अंतुले, मग 2009 आणि 2014 मध्ये कोणी नाही, 2019 मध्ये औरंगाबादेतून इम्तियाज जलील, आणि 2024 मध्ये अठ्ठेचाळीसपैकी पुन्हा शून्य.

पण "अब क्या फायदा" हे वाक्य मला खुपलं. मीही विशीत असताना तेच म्हणत होतो आणि एका निवडणुकीला मत न देता घरी बसलो होतो. त्याचा काय परिणाम झाला? काहीही नाही. माझं नाव यादीत होतं, त्यापुढे खूण झाली नाही, एवढंच. म्हणून आज मी सभासद किती एवढ्यावर न थांबता, सभागृह भरतं तेव्हा आत काय घडतं यावर बोलणार आहे. सभागृहात नाव असणं, तिथे बसणं आणि बसल्यावर बोलायला वेळ मिळणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण फक्त पहिली मोजतो.

आधी रिकाम्या बाकांची गोष्ट.

9 डिसेंबर 1946. दिल्लीत संविधान सभेची पहिली बैठक. ब्रिटिश हिंदुस्थानच्या प्रांतांतून 296 सभासद यायचे होते. त्यांना थेट जनतेने नव्हे, प्रांतिक विधानसभांनी निवडलं होतं, आणि त्या विधानसभांसाठीही मताचा हक्क सगळ्यांना नव्हता. मालमत्ता, शिक्षण, कर असल्या अटी होत्या. शिवाय मतदारसंघ विभक्त. मुस्लिमांनी मुस्लिमांना निवडायचं. त्या हिशेबाने मुस्लिम लीगचे 73 जण निवडून आलेले. म्हणजे जवळजवळ पाव सभागृह. आणि पहिल्या दिवशी त्यांच्यातलं कोणीही आलं नाही. लीगने बहिष्कार घातला होता. दोनशेहून थोडे जास्त सभासद हजर होते.

त्या काळी या बहिष्कारामागे कोणाची काय गणितं होती यात मी आज शिरत नाही, तो स्वतंत्र अभ्यासवर्गाचा विषय आहे. मला पुढच्या आठ दिवसांत रस आहे. 13 डिसेंबरला नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव मांडला. देश कसा असेल, सत्ता कुठून येईल, अल्पसंख्याकांना संरक्षण कसं असेल, याची पायाभरणी त्या ठरावात होती. तेव्हा मुंबईचे बॅरिस्टर मु. रा. जयकर उभे राहिले आणि त्यांनी दुरुस्ती सुचवली की लीगचे आणि संस्थानांचे प्रतिनिधी येईपर्यंत यावर मत घेऊ नका. सभागृहाला ते आवडलं नाही. जयकर एकटे पडले असते. पण 17 तारखेला अध्यक्षांनी डॉ. आंबेडकरांचं नाव पुकारलं. बाबासाहेबांना वाटलं होतं की त्यांच्या आधी वीस-बावीस वक्ते आहेत, आज आपला नंबर लागणार नाही. तयारी नसताना ते बोलले आणि त्यांनी जयकरांची बाजू घेतली. त्यांचं म्हणणं असं होतं की तुम्हाला हा ठराव करण्याचा हक्क आहे की नाही हे सोडा, आत्ता करणं शहाणपणाचं आहे का ते सांगा.

लक्षात घ्या, जे लोक तिथे आलेच नव्हते त्यांच्यासाठी थांबा, असं एक मराठी बॅरिस्टर आणि दलितांचा नेता सांगत होते. सभा थांबलीही, महिनाभर. लीग आली नाही. 22 जानेवारी 1947 ला ठराव मंजूर झाला. एप्रिलमध्ये मूलभूत हक्कांचा अंतरिम अहवाल चर्चेला आला, तेव्हाही ती बाकं रिकामीच. भारतात राहिलेल्या प्रांतांतले लीगचे सभासद आत आले ते जुलै 1947 मध्ये. तोवर फाळणीचा निर्णय होऊन गेला होता. ज्या 73 खुर्च्यांच्या आकड्याचा तेव्हा कोणालाही अभिमान वाटला असता, त्या खुर्च्यांवरून पहिल्या सात महिन्यांत एक शब्द उच्चारला गेला नाही.

(जाता जाता, बाबासाहेब तेव्हा बंगालमधून निवडून आले होते. फाळणीत ती जागा गेली, आणि जयकरांनी राजीनामा दिल्याने मोकळ्या झालेल्या मुंबईच्या जागेवर ते पुन्हा सभेत आले. इतिहास कधी कधी असा हिशेब चुकता करतो.)

आता दुसरी गोष्ट, आणि खरं तर आज मी हीच सांगायला आलो आहे.

आपल्या भागाचं प्रतिनिधित्व तेव्हा किती होतं? मुंबई प्रांताच्या 21 जागांपैकी मुस्लिम जागा दोन. मध्यप्रांत आणि वऱ्हाडाच्या 17 पैकी एक. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि हैदराबादचे प्रतिनिधी संविधान सभेत बसलेच नाहीत. म्हणजे नागपूर, अमरावती, अकोला, यवतमाळ, शिवाय आजच्या मध्य प्रदेश आणि छत्तीसगडचा मोठा भाग, एवढ्या मुलखातल्या मुस्लिमांतर्फे एक माणूस. काझी सय्यद करीमुद्दीन. तुमच्यापैकी किती जणांनी हे नाव ऐकलं आहे? हात वर करा. दोन. ठीक आहे, मलाही चाळिशीपर्यंत माहीत नव्हतं.

3 डिसेंबर 1948 ला, आज जे 20 वं आणि 21 वं कलम आहे त्या परिसरातली चर्चा चालू असताना करीमुद्दीनसाहेबांनी एक दुरुस्ती मांडली. थोडक्यात अशी: माणसाचं शरीर, घर, कागदपत्रं आणि सामान यांची अवाजवी झडती आणि जप्ती होता कामा नये; वॉरंट काढायचं तर त्यामागे सबळ कारण हवं, आणि कुठे शोधायचं, कोणाला धरायचं हे त्यात स्पष्ट हवं. अमेरिकेच्या आणि आयर्लंडच्या राज्यघटनांचा त्यांचा अभ्यास होता. यात "मुस्लिम" हा शब्द कुठेही नाही हे बघा. रात्री पोलिसांनी दार ठोठावलं तर ते कोणाचंही दार असू शकतं, त्या प्रत्येकासाठी ही दुरुस्ती होती.

आणि बाबासाहेब म्हणाले, मी ही दुरुस्ती स्वीकारायला तयार आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेत अशी तरतूद आहेच, पण ती घटनेत घातली तर विधिमंडळाला सहज काढता येणार नाही, असा त्यांचा विचार होता. मतदान घेताना गोंधळ झाला, आक्षेप आले, निर्णय पुढे ढकलला गेला आणि नंतर ती दुरुस्ती नामंजूर झाली. मसुदा समितीचे अध्यक्ष "हो" म्हणाले असतानाही ती पडली.

इथे गोष्ट संपली असती. 1954 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायाधीशांनी एम. पी. शर्मा खटल्यात म्हटलं की अमेरिकेसारखं झडतीविरुद्धचं संरक्षण आपल्या घटनाकारांनी घेतलेलं नाही, तर आम्ही ते कुठून आणणार? पुढची साठ-बासष्ट वर्षं सरकारी वकील खासगीपणाच्या प्रत्येक वादात हा निकाल पुढे करत राहिले. मग आधार कार्डाच्या वादातून पुट्टस्वामी खटला नऊ न्यायाधीशांपुढे आला. 24 ऑगस्ट 2017 ला नऊही जणांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, आणि 1954 चं ते विधान रद्द केलं. त्या निकालपत्रात संविधान सभेत काय घडलं याची चर्चा आहे, आणि तिथे 3 डिसेंबर 1948 ची ती दुरुस्ती आणि काझी सय्यद करीमुद्दीन हे नाव आहे. अडुसष्ट वर्षं आणि काही महिन्यांनी.

मी असं म्हणत नाही की त्यांच्यामुळे निकाल लागला. न्यायालयाचे युक्तिवाद वेगळे होते. पण एका प्रांताच्या एकुलत्या मुस्लिम सभासदाने उभं राहून बोललेलं इतिवृत्तात राहिलं. तो त्या दिवशी घरी बसला असता तर इतिवृत्तात त्या जागी काहीच नसतं.

याच माणसाने 4 जानेवारी 1949 ला आणखी एक मुद्दा मांडला, जो आज "चोवीस" म्हणून रडणाऱ्यांनी वाचायला हवा. एका मतदारसंघातून अनेक सभासद निवडावेत आणि मतांच्या प्रमाणात जागा मिळाव्यात अशी पद्धत त्यांनी मागितली. बाबासाहेबांनी ती नाकारली. इतक्या निरक्षर देशात ही पद्धत चालणार नाही आणि सभागृहाचे तुकडे होऊन सरकार टिकणार नाही, ही त्यांची कारणं होती. साक्षरतेचं कारण आज किती उरलं आहे ते तुम्ही ठरवा. दुसरं कारण मला अजूनही वजनदार वाटतं. पण नाकारलेल्या सूचनेत तथ्य होतं हे पुढच्या आकड्यांत दिसतं. 1984 मध्ये काँग्रेसला निम्म्याहून कमी मतांवर चारशेहून अधिक जागा मिळाल्या. 2014 मध्ये भाजपला सुमारे 31 टक्के मतांवर 282. आपल्याकडच्या निवडणूक पद्धतीत विखुरलेली मतं वाया जातात, मग ती कोणाचीही असोत.

राखीव जागांचं काय, हा प्रश्न दर वेळी येतो, म्हणून आत्ताच सांगतो. ऑगस्ट 1947 मध्ये संविधान सभेने विभक्त मतदारसंघ रद्द केले पण मुस्लिमांसाठी राखीव जागा मान्य केल्या होत्या. मे 1949 मध्ये त्याही गेल्या. त्या चर्चेत मुस्लिम सभासद एका सुरात बोलले असं तुम्हाला कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मद्रासचे मोहम्मद इस्माईल यांना विभक्त मतदारसंघच हवे होते. उत्तर प्रदेशच्या बेगम ऐजाज रसूल यांनी राखीव जागांना विरोध केला. अशा जागा अल्पसंख्याकांना बहुसंख्याकांपासून कायमचं तोडतात, असं त्यांचं मत होतं. बिहारचे तजम्मुल हुसेन यांना "अल्पसंख्याक" हा शब्दसुद्धा नको होता. नझीरुद्दीन अहमद तर इतक्या दुरुस्त्या मांडत की मसुदा समिती त्यांना वैतागली, आणि त्यांनीही "ड्राफ्टिंग कमिटी"ला "ड्रिफ्टिंग कमिटी" म्हणून चिडवलं, म्हणजे भरकटलेली. बाबासाहेबांनी शेवटच्या भाषणात त्या टोमण्याचा हिशेब घेतला. संपूर्ण घटनेवर 2,473 दुरुस्त्या प्रत्यक्ष चर्चेला आल्या. 11 सत्रं, 165 दिवस. आपसांत भांडणारे हे सगळे मुस्लिम सभासद त्यात होते. "कौम का नुमाइंदा" नावाचा एकच एक माणूस तेव्हाही नव्हता.

आता दिवसांकडे येतो.

मे 1949 मध्ये संसदेच्या अधिवेशनांचं कलम चर्चेला आलं. संसद वर्षातून किमान दोनदा बोलवावी आणि दोन अधिवेशनांत सहा महिन्यांचं अंतर पडू नये, एवढंच त्यात होतं. काही सभासद म्हणाले, हे फार कमी आहे. बाबासाहेबांनी उत्तर दिलं की लोकांना जबाबदार असलेलं सरकार संसद टाळेल कसं; मला तर उलटी भीती आहे, अधिवेशनं इतकी वारंवार आणि इतकी लांब होतील की सभासदच कंटाळतील.

पहिली लोकसभा 13 मे 1952 ला बसली. पाच वर्षांत तिच्या 677 बैठका झाल्या, वर्षाला सरासरी 135 दिवस. 2019 ते 2024 ची सतरावी लोकसभा 274 दिवस बसली. वर्षाला 55. पूर्ण मुदत संपवलेल्या लोकसभांमध्ये हा नीचांक. पूर्ण पाच वर्षं तिला उपाध्यक्षही नव्हता. घटनेत किमान दिवसांची अट नाही, त्यामुळे यात कोणी कलम मोडलं असं म्हणता येत नाही. बाबासाहेबांचा अंदाज चुकला, एवढंच.

यात आपलं काय गेलं? ज्याच्याकडे बहुमत आहे त्याला कमी दिवस पुरतात; त्याला विधेयक मांडायचं आणि मंजूर करायचं असतं. ज्याच्याकडे संख्या नाही त्याच्याकडे वेळच असतो. सकाळी अकराचा प्रश्नोत्तराचा तास, त्यानंतर शून्य प्रहर, शुक्रवारी दुपारी खासगी विधेयकं. लोकसभेत एका दिवशी 20 तारांकित आणि 230 अतारांकित प्रश्न घेतले जातात. सभागृह एक दिवस कमी बसलं की अडीचशे प्रश्न गेले. 2020 च्या पावसाळी अधिवेशनात तर कोरोनाचं कारण देऊन प्रश्नोत्तराचा तासच वगळला होता.

प्रश्नाने काय होतं, असं विचाराल. डिसेंबर 2022 मध्ये लोकसभेत एका लेखी उत्तरातून कळलं की मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप 2022-23 पासून बंद केली जात आहे. पीएच.डी. करणाऱ्या आपल्या किती मुलामुलींचा महिना त्यावर चालत होता हे या खोलीत सांगायला नको. तो प्रश्न विचारला होता केरळच्या त्रिशूरचे खासदार टी. एन. प्रतापन यांनी. ते चोवीसात मोजले जाणारे नाहीत.

खासगी विधेयकांची कहाणी याहून खेदाची. 1913 चा वक्फ वैधता कायदा, ज्याने कुटुंबासाठी केलेले वक्फ वाचवले, तो शाही विधिमंडळात बॅरिस्टर जिनांनी मांडलेल्या खासगी विधेयकातून आला. मुस्लिम स्त्रीला न्यायालयातून विवाहविच्छेद मागण्याचा हक्क देणारा 1939 चा कायदा मध्यवर्ती कायदेमंडळातल्या एका मुस्लिम सभासदाच्या खासगी विधेयकातून आला. तलाकच्या प्रश्नावर काम करणाऱ्या आपल्या बहिणी आजही तो वापरतात. आणि स्वतंत्र भारताच्या संसदेत मंजूर झालेलं पहिलं खासगी विधेयक कोणतं? सय्यद मोहम्मद अहमद काझमी यांनी 1952 मध्ये मांडलेलं वक्फ विधेयक. ते 1954 चा वक्फ कायदा झालं. आजवर अशी चौदा विधेयकं कायदा झाली. शेवटचं 1970 मध्ये. त्यानंतर एकही नाही. हिंदू सभासदाचं नाही, मुस्लिमाचं नाही, कोणाचंच नाही. त्यात 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्याने व्हिप बंधनकारक झाला. पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत दिलं तर सदस्यत्व जाऊ शकतं. आता उद्या चोवीसाचे सत्त्याहत्तर झाले, अगदी लोकसंख्येच्या प्रमाणात, तरी सभागृह वर्षाला 55 दिवस बसणार असेल आणि प्रत्येकाच्या मानेवर व्हिप असेल, तर ते सत्त्याहत्तर करीमुद्दीन होतील का? मला शंका आहे.

उलट बाजूही सांगतो. एप्रिल 2025 मध्ये वक्फ दुरुस्ती विधेयकावर लोकसभेत मध्यरात्र उलटल्यावर मतदान झालं. बाजूने 288, विरोधात 232. त्या विधेयकाबद्दल इथे बसलेल्यांचीही मतं वेगळी असतील, वक्फ बोर्डांच्या कारभारावर मी स्वतः कडक टीका केली आहे. पण 232 बघा. त्यात मुस्लिम जास्तीत जास्त चोवीस. उरलेले दोनशेहून अधिक कोण होते? त्यांना निवडणाऱ्यांत आपण होतो आणि आपले शेजारीही होते. तसंच आपल्या राज्यातून लोकसभेत गेलेले मुस्लिम बघा. रत्नागिरीतून हुसेन दलवाई, कुलाब्यातून अंतुले, वाशिममधून गुलाम नबी आझाद. यातला एकही मतदारसंघ मुस्लिमबहुल नाही. त्यांना कुणबी, मराठा, आगरी, दलित, बंजारा मतदारांनी मतं दिली होती. ते आज का घडत नाही, याचं उत्तर फक्त "त्यांचं मन बदललं" असं देऊन चालणार नाही. पक्ष तिकीट देत नाहीत हे खरं. आपणही शेजाऱ्याच्या पाण्याच्या, कांद्याच्या, एसटीच्या प्रश्नावर किती वेळा उभे राहतो, हेही विचारावं लागेल.

मग करायचं काय? संविधान सभेचे वादविवाद इंटरनेटवर मोफत आहेत. 3 डिसेंबर 1948 चा दिवस काढा आणि चार जणांनी मिळून मोठ्याने वाचा. एका संध्याकाळचं काम आहे. लोकसभेच्या संकेतस्थळावर आपल्या खासदाराचं नाव टाकलं की त्याने किती आणि कोणते प्रश्न विचारले ते दिसतं. तो खासदार मुस्लिम नसेल. तरीही तो तुमचा खासदार आहे, आणि तुमच्या तालुक्यातली शिष्यवृत्ती अडली तर प्रश्न विचारणं त्याचं काम आहे. प्रश्न तयार करून द्या. त्यांच्या कार्यालयात प्रश्न लिहिणारी माणसं कमीच असतात, नेमका आणि आकडेवारीसकट दिलेला प्रश्न त्यांना हवाच असतो.

मी स्वतः माझ्या खासदारांना मागच्या अधिवेशनाआधी पत्र दिलं होतं. अल्पसंख्याक वसतिगृहांच्या रिकाम्या जागांबद्दल. ते आमच्या समाजाचे नाहीत आणि मी त्यांना मतही दिलं नव्हतं, हे त्यांच्या कार्यालयातल्या मुलाला माहीत होतं. उत्तर आलं नाही. या वेळी पुन्हा दिलं आहे, दोन पानांचं एका पानावर आणून, आणि खाली सतरा जणांच्या सह्या घेऊन. त्यातल्या सहा सह्या माझ्या गल्लीतल्या हिंदू शेजाऱ्यांच्या आहेत. त्यांची मुलंही दुसऱ्या वसतिगृहांच्या रांगेत आहेत. पत्राची पोच मिळाली आहे. अधिवेशन अजून सुरू व्हायचं आहे.

आता तुम्ही विचारा.